'नशिबात असेल तेच होणार' यावर ग्रीक लोक काय म्हणायचे

आमच्याकडे बाळ झालं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजतात आणि शेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवतात, कारण रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. माझ्या भाचीच्या वेळी आईने पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला हे फक्त आपल्याकडेच असतं असं वाटायचं, मग पुढे ग्रीक कथा वाचायला लागले आणि पहिल्याच महिन्यात मेलिआगरची गोष्ट सापडली. बाळ सात दिवसांचं होतं, तेव्हा तीन देवी घरात आल्या आणि म्हणाल्या, चुलीत जे लाकूड जळतंय ना, ते पूर्ण जळेल तेव्हा हा मरेल. आई अल्थियाने झटकन ते लाकूड ओढून काढलं, विझवलं आणि पेटीत लपवून ठेवलं. पोरगा मोठा झाला, शूर झाला, एका रानडुकराच्या शिकारीनंतर भांडण झालं आणि त्यात त्याने आईच्याच भावांना मारलं. तिने रागाच्या भरात पेटी उघडली, ते लाकूड बाहेर काढलं आणि चुलीत टाकलं.

म्हणजे बघा, भविष्य खरं झालं. पण लाकूड आगीत टाकणारा हात आईचा होता. ग्रीक लोकांच्या नशिबाच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात, लिहिलेलं एकीकडे आणि हात दुसरीकडे, आणि दोन्ही खरे. मला या लेखात एवढंच समजावायचं आहे, कारण आपण 'नशीब' म्हटलं की विषय संपतो असं धरतो, त्यांचा मात्र तिथून पुढे विषय सुरू व्हायचा.

आधी शब्द. त्या तीन देवी म्हणजे मोइराई. क्लोथो आयुष्याचं सूत कातते, लाखेसिस ते मोजून देते, आत्रोपोस कापते. आणि 'मोइरा' या शब्दाचा मुळातला अर्थ आहे वाटा, हिस्सा, जेवणात किंवा जमिनीत येतो तसा वाटा. आपण मराठीत 'हे माझ्या वाट्याला आलं' म्हणतो ना, अगदी तेच. वाटा कोणी विचारून देत नाही, तो येतो. पण वाट्याला आलेल्या जमिनीत काय पेरायचं हे वाटणी करणारा ठरवत नाही.

आता मोठी गोष्ट, जी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला सांगितली आहे. आजच्या पश्चिम तुर्कस्तानात लिडिया नावाचं राज्य होतं, राजधानी सार्डिस, राजा क्रीसस. पैसा इतका की आजही युरोपात श्रीमंत माणसाला त्याच्या नावाची उपमा देतात. त्याच्याकडे अथेन्सचा सोलोन आला, ज्याने इ.स.पू. ५९४ मध्ये अथेन्सचे कायदे बदलले होते तोच. (तारखांचा मेळ बसत नाही म्हणून ही भेट झालीच नसावी असं बरेच अभ्यासक मानतात, ते बरोबरही असेल, पण गोष्ट म्हणून ती इतकी नेमकी आहे की ती सोडवत नाही.) क्रीससने त्याला सगळा खजिना दाखवला आणि विचारलं, तू एवढं जग फिरलास, सगळ्यात सुखी माणूस कोण? सोलोन म्हणाला, अथेन्सचा टेल्लस. साधा माणूस, मुलं चांगली निघाली, नातवंडं सगळी जगलेली बघितली, शेवटी गावासाठी लढताना मेला आणि लोकांनी मानाने पुरला. बरं, दुसऱ्या नंबरवर? तर आर्गोसचे दोन भाऊ, बैल वेळेवर आले नाहीत म्हणून आईला गाडीत बसवून स्वतः गाडी ओढत देवळात घेऊन गेलेले, आणि तिथेच झोपेत शांतपणे गेलेले.

क्रीसस चिडला, साहजिक आहे. मग सोलोन त्याला हिशोब करून दाखवतो आणि हा हिशोब मला फार आवडतो. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं धर, अधिक महिने धरून २६,२५० दिवस होतात, आणि त्यातला एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. तू आज श्रीमंत आहेस, ठीक आहे, पण शेवट कसा झाला ते कळल्याशिवाय मी तुला सुखी म्हणणार नाही, फार तर नशीबवान म्हणेन. क्रीससला वाटलं हा माणूस येडा आहे, आणि त्याला पाठवून दिलं.

पुढे एकेक घडत जातं. क्रीससला स्वप्न पडतं की मुलगा आतीस लोखंडी टोकाने मरेल, तो घाबरून घरातले भाले काढून ठेवतो, मुलाला लढाईवर पाठवायचं बंद करतो. मग लोक एका रानडुकराने हैराण झालेले असतात, मुलगा हट्ट करतो, बाबा, डुकराला कुठे लोखंडी टोक असतं? राजा पाठवतो, सोबतीला म्हणून आद्रास्तस नावाच्या एका आश्रिताला पाठवतो, ज्याला त्याने स्वतःच आसरा दिलेला असतो. आद्रास्तसचा भाला डुकराला चुकतो आणि मुलाला लागतो. इथे क्रीससची काही चूक आहे का? मला तरी दिसत नाही, हा वाट्याला आलेला भाग, जरी हिरोडोटस म्हणतो की स्वतःला सगळ्यात सुखी समजल्याबद्दल त्याच्यावर देवाचा कोप झाला असावा.

पण त्यानंतर जे होतं ते वेगळं आहे. पूर्वेला पर्शियाचा सायरस वाढत चाललेला, आणि क्रीससला वाटतं त्याच्यावर आपणच चाल करावी. डेल्फीला अपोलो देवाचं देऊळ होतं, तिथली पुजारीण देवाच्या वतीने भविष्य सांगायची. तो तिथे विचारतो आणि उत्तर येतं, चाल केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट करशील. क्रीसस खूश. तयारी चालू असताना सांदानिस नावाचा लिडियाचाच एक माणूस त्याला म्हणतो, महाराज, ही माणसं चामड्याच्या विजारी घालतात, हवं ते नाही तर मिळेल ते खातात, दारू नाही, अंजीरही नाही. तुम्ही जिंकलात तर यांच्याकडून घेणार काय? आणि हरलात तर तुमचं किती जाईल ते बघा. रिस्कचं एवढं स्वच्छ बोलणं मी अजून कुठे वाचलेलं नाही, जिंकलं तर किती आणि हरलं तर किती, एवढंच, शकुनाचं नाव नाही. क्रीससने ऐकलं नाही. हॅलिस नदी ओलांडली, लढाई बरोबरीत सुटली, थंडी आली म्हणून तो घरी परत आला आणि भाडोत्री सैन्य सोडून दिलं, आता वसंतापर्यंत कोण येतंय. सायरस मागोमाग आला. चौदा दिवसांचा वेढा, आणि किल्ला पडला तो अशा बाजूने जिथून कोणी चढूच शकणार नाही म्हणून पहाराच ठेवला नव्हता, एका लिडियन शिपायाचं शिरस्त्राण खाली पडलं आणि ते आणायला तो तिथून उतरताना पर्शियन माणसाने बघितलं. साल साधारण इ.स.पू. ५४६. मोठं साम्राज्य नष्ट झालं, क्रीससचंच.

सायरसने त्याला चितेवर चढवलं, तिथे त्याने तीनदा सोलोनचं नाव घेतलं, सायरसने दुभाष्याकडून विचारून घेतलं कोण हा सोलोन, आणि ऐकून त्याचं मन बदललं. आग मात्र आटोक्यात येईना, तेव्हा क्रीससने अपोलोचा धावा केला आणि निरभ्र आकाशातून पाऊस आला, असं हिरोडोटस सांगतो. वाचल्यावर क्रीससने पहिली परवानगी काय मागितली, तर माझ्या बेड्या डेल्फीला पाठवू द्या आणि देवाला विचारू द्या की तुला लाज वाटत नाही का. डेल्फीने काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते, आधी थोडं समुद्राकडे जाऊया.

कारण राजांच्या गोष्टींत नशीब फार मोठं दिसतं, पण रोजच्या धोक्याशी ग्रीक माणूस कसा वागायचा ते बघायचं तर समुद्रच बघायला हवा. हेसिओड हा शेतकरी कवी, इ.स.पू. ७०० च्या आसपासचा. त्याचा बाप गरिबीला कंटाळून जहाजाने समुद्रापलीकडून येऊन आस्क्रा नावाच्या खेड्यात राहिला. स्वतः हेसिओड आयुष्यात एकदाच होडीत बसला, तेही समोरच्या बेटावर जायला. पण भावाला सल्ला देतो तो असा पक्का की आजही कोणी म्हाताऱ्याने द्यावा: समुद्रावर जायचंच असेल तर उन्हाळ्यात जा, आणि सगळा माल जहाजात भरू नकोस, जास्त घरी ठेव आणि थोडा भर.

यानंतर तीनशे-साडेतीनशे वर्षांनी अथेन्समध्ये हाच सल्ला कागदावर आलेला दिसतो, कराराच्या भाषेत. अथेन्सला काळ्या समुद्राकडून धान्य यायचं, त्यासाठी व्यापारी कर्ज काढायचे, आणि या समुद्री कर्जाची अट अशी की जहाज बुडालं तर कर्ज माफ, सुखरूप आलं तर मुद्दल आणि जबरदस्त व्याज. म्हणजे धोका सावकाराच्या डोक्यावर. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याच्या नावावर असलेल्या एका कोर्टातल्या भाषणात असा अख्खा करार वाचायला मिळतो. ३,००० द्राख्मा कर्ज, तारण म्हणून मेंडे गावच्या दारूचे ३,००० रांजण, अथेन्सहून काळ्या समुद्रापर्यंत आणि परत. व्याज हजाराला २२५. पण परतीला आर्क्टुरस तारा उगवल्यानंतर निघालात तर हजाराला ३००.

आता हा आर्क्टुरस म्हणजे आपली स्वाती. तो पहाटे पूर्वेला दिसायला लागला की सप्टेंबरचा मध्य आला, वादळं सुरू होणार. म्हणजे तीच वाट, तोच माल, तेच जहाज, फक्त तारीख पुढे गेली आणि साडेबावीस टक्क्यांचे तीस टक्के झाले. संभाव्यतेचं गणित युरोपात सतराव्या शतकात आलं, पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांची पत्रं १६५४ ची. या लोकांकडे ते नव्हतं, पण किती भीती वाटते त्याला आकडा लावणं त्यांना जमत होतं. करारात पुढे असंही आहे की वादळात सगळ्यांनी मिळून ठरवून माल समुद्रात टाकला असेल किंवा शत्रूला काही द्यावं लागलं असेल तर तेवढं वजा होईल, आणि जहाज अथेन्सला पोचल्यावर वीस दिवसांत पैसे द्यायचे. देवाच्या हातात काय, माणसाच्या हातात काय, सगळं वेगवेगळं काढून लिहिलेलं. कोर्टात भांडण झालं तेही वादळावरून नाही, तर कर्ज घेणाऱ्यांनी अटीप्रमाणे माल चढवलाच नाही असा आरोप होता म्हणून! वादळावर कोणी केस करत नाही, वागण्यावर करतं.

शकुनांचंही तसंच. ग्रीक लोक देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत, पण उत्तर आल्यावर काय करायचं यात माणसामाणसात फरक होता. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सीस चालून आला तेव्हा डेल्फीने अथेन्सला सांगितलं, लाकडी भिंत तेवढी टिकेल. काही जण म्हणाले म्हणजे गडावर कुंपण घालून बसा. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस म्हणाला लाकडी भिंत म्हणजे जहाजं, आणि हे तो म्हणू शकला कारण जहाजं होती, दोन-तीन वर्षांपूर्वी अथेन्सजवळच्या लाव्हरिऑनच्या खाणीत चांदी सापडली तेव्हा ती लोकांत वाटून टाकण्याऐवजी तिची जहाजं बांधायला त्यानेच लावली होती. सालामिस बेटाजवळच्या समुद्री लढाईत ग्रीक जिंकले. दुसरीकडे इ.स.पू. ४१३, सिसिलीत अथेन्सचं सैन्य अडकलेलं, निघून जायचं ठरलेलं, सामान बांधलेलं, आणि २७ ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण लागलं. सेनापती निकियास भाविक माणूस, ज्योतिषांनी सांगितलं तीन नव्वे सत्तावीस दिवस थांबा, तो म्हणाला त्याआधी हलण्याची चर्चासुद्धा नको. तेवढ्यात शत्रू असलेल्या सिराक्यूज शहराच्या लोकांनी बंदराचं तोंड बंद केलं. पुढे हजारो माणसं दगडाच्या खाणीत कोंडली गेली आणि तिथेच मेली, निकियासही मारला गेला. इतिहासकार थुसिडिडीस हे सांगताना निकियास शकुनांच्या जरा जास्तच आहारी गेलेला होता, एवढंच म्हणतो. मला निकियासचा राग येत नाही, तो आजारी होता, थकलेला होता, आणि ग्रहणाने त्याला निर्णय न घेण्याची सोय दिली. अशी सोय मिळाली की माणूस घेतो.

हे मी जवळून बघितलंय म्हणून बोलते. माझ्या मोठ्या काकांना शुगर होती, पायाला छोटी जखम झाली, सगळे म्हणत होते दाखवून या, आणि त्यांचं एकच वाक्य, बरं व्हायचं नशिबात असेल तर होईलच, नसेल तर डॉक्टर काय करणार आहे. दीड महिना असा गेला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. काका वाईट नव्हते, मूर्ख तर अजिबात नव्हते, त्यांना भीती वाटत होती आणि त्या वाक्यात बसलं की भीती कमी व्हायची, हे मला खूप नंतर कळलं.

आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण बावीसशे वर्षांपूर्वी ग्रीक लोक हेच वाक्य, याच उदाहरणासकट, वर्गात फळ्यावर मांडल्यासारखं मांडून त्यावर वाद घालत होते. त्याला नावच होतं, 'आळशी युक्तिवाद'. तुझं बरं होणं नशिबात असेल तर डॉक्टर बोलावलास काय आणि न बोलावलास काय, तू बरा होशील. नशिबात नसेल तर दोन्हीकडून होणार नाहीस. मग डॉक्टर कशाला? आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात ते हेच. गंमत अशी की याला उत्तर दिलं ते नशीब मानणाऱ्याच माणसाने, क्रिसिप्पसने, स्टोइक पंथाचा सगळ्यात मोठा तर्कशास्त्री, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. स्टोइक लोकांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट आधीच्या कारणांनी बांधलेली आहे, एकही सुटी नाही. तरी तो म्हणतो हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण गोष्टी जोडून लिहिलेल्या असतात. मिलो ऑलिम्पियात कुस्ती खेळणार असं लिहिलं असेल, तर समोर पैलवान असो वा नसो तो कुस्ती खेळेल असं म्हणता येतं का? कुस्तीतच दुसरा पैलवान आला. ग्रीक कथांमधल्या लायस राजाला मुलगा होणार असं लिहिलं असेल तर बायकोजवळ न जाता होईल का? तसंच बरं होणं लिहिलं असेल तर डॉक्टरला बोलावणंही त्यातच लिहिलेलं आहे. नशीब म्हणजे फक्त शेवटचं पान नाही, मधली सगळी पानं नशीबच आहेत, आणि मधल्या पानांवर तुम्ही काय केलंत तेही लिहिलेलं असतं.

मग लोक विचारायचे की सगळंच लिहिलेलं आहे तर माझा दोष कसा? त्यावर त्याचं दुसरं उदाहरण, उतारावरचा गोल दंड. आपण वरवंटा धरू. वरवंटा उतारावर ठेवून ढकलला तर घरंगळतो. धक्का तुमचा, पण घरंगळणं त्याच्या गोलपणामुळे, तोच धक्का विटेला दिला तर ती तिथेच बसेल. परिस्थिती धक्का देते, पुढे कसं जायचं ते आपल्या घडणीवर. यावर 'मग माझी घडण तरी माझ्या हातात कुठे होती' हा प्रश्न उरतोच, आणि मला वाटतं क्रिसिप्पस तिथे पूर्ण सुटत नाही. पण काकांच्या वाक्याला मात्र त्याच्याकडे पक्कं उत्तर आहे.

याच पंथात तीनशेहून जास्त वर्षांनी एपिक्टेटस झाला, जन्माने गुलाम, पायाने लंगडा, पुढे सुटका होऊन निकोपोलिसला शिकवायला लागला. तो फाशांचं उदाहरण देतो, सोंगट्या काय, फासे काय, त्यांचं काही नाही, काय पडेल ते मला कुठे माहीत, पण जे पडलं ते नीट आणि कौशल्याने खेळणं हे माझं काम. मग जहाजाचं. मी काय निवडू शकतो? कप्तान, खलाशी, दिवस, वेळ. नंतर वादळ आलं तर माझं काम मी केलेलं आहे, आता ते कप्तानाचं काम. आणि जहाज बुडायलाच लागलं तर? तर न घाबरता, न ओरडता, देवाला बोल न लावता बुडणं. हे शेवटचं मला झेपत नाही, मी ओरडेन, पण कप्तान-खलाशी-दिवस-वेळ हा भाग मी मोठा निर्णय घ्यायच्या आधी खरंच एका कागदावर लिहून काढते.

आता डेल्फीचं उत्तर. बेड्या घेऊन गेलेल्या माणसांना पुजारीण म्हणाली, ठरलेला वाटा देवालासुद्धा चुकवता येत नाही. क्रीससच्या पाचव्या पिढीतल्या पूर्वजाने राजाला मारून गादी घेतली होती, त्याची ही फेड. अपोलोने खूप प्रयत्न केला की हे निदान त्याच्या मुलांच्या काळात व्हावं, जमलं नाही, पण सार्डिसचं पडणं तीन वर्षं पुढे ढकलून घेतलं, आणि चितेवर पाऊस पाडला. राहिलं भविष्य, तर शहाण्या माणसाने परत माणूस पाठवून विचारायला हवं होतं, कुठलं साम्राज्य, माझं की सायरसचं? त्याने विचारलं नाही. हे ऐकून क्रीसस म्हणाला, चूक देवाची नाही, माझी आहे. राज्य जाणं ठरलेलंच होतं असं त्याच उत्तरात सांगितलेलं असूनही तो असं म्हणाला, आणि मला ही जागा दर वेळी नव्याने वाचावीशी वाटते.

पुढे तो सायरसचा सल्लागार म्हणून राहिला. बऱ्याच वर्षांनी सायरस मॅसाजेटी लोकांवर चालून गेला, त्यांची राणी तोमिरिस. मध्ये नदी. तिने निरोप दिला, एक तर तुम्ही अलीकडे या नाही तर आम्ही पलीकडे येतो. सगळे सरदार म्हणाले तिला आपल्या बाजूला येऊ द्या. क्रीसस एकटा म्हणाला, माझ्या दुःखांनी मला शिकवलंय, माणसांचं आयुष्य हे फिरतं चाक आहे, ते एकालाच कायम वर ठेवत नाही. मग सांदानिससारखाच त्याने हिशोब मांडला: आपल्या जमिनीवर हरलो तर सगळं राज्य जाईल, जिंकलो तर थोडंच मिळेल, म्हणून नदी ओलांडून लढा. सायरसला पटलं. त्याने क्रीससला मुलगा कॅम्बायसिसच्या हवाली करून, याला मानाने वागव असं बजावून घरी पाठवलं आणि स्वतः नदी ओलांडली. पहिला डाव क्रीससने सांगितला तसाच यशस्वी झाला. त्यानंतरच्या लढाईत सायरस मारला गेला.